कातडीखोलीतलं विरजण

आमच्या इस्पितळाच्या तळमजल्यावर, अगदी टोकाला, एक खोली होती. दारावर तिचं लांबलचक शास्त्रीय नाव लिहिलेलं होतं, पण तीस वर्षांत ते कुणी उच्चारलेलं मी ऐकलं नाही. सगळे तिला कातडीखोली म्हणायचे. "कातडीखोलीत फोन लाव." "कातडीखोलीतून तुकडे आले का बघ." पहिल्या दिवशी मला त्या नावाची शिसारी आली होती. आज माझं वय एकाहत्तर आहे, ती खोली मोडून तिथे औषधांचं भांडार झालंय, आणि दुपारी जरा डोळा लागला की मी तिथेच जाते. कपाटाचं दार उघडल्यावर तोंडावर येणारी ओलसर ऊब, गुलाबी पाण्यात पडून राहिलेल्या ताटल्या, मोरीत चाललेली काकांची खडबड. मग त्यातली एक ताटली समोर येते आणि मी उठून बसते.

खोली बाईंची होती. बाई म्हणजे आमच्या वरिष्ठ. ठेंगण्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं मोजकं आणि तेही टोचणारं. भाजलेल्या माणसांसाठी आम्ही कातडी वाढवायचो. फार भाजलेल्या माणसाच्या अंगावर दुसऱ्याची कातडी टिकत नाही, आणि स्वतःची काढून लावायची तर ती उरलेलीच नसते. मग जांघेतून किंवा काखेतून टपालाच्या तिकिटाएवढा चांगला तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी सुट्या करायच्या, आणि ऊबदार कपाटातल्या ताटल्यांमध्ये गुलाबी पाण्यातून त्यांना खायला घालून वाढवायचं. ताटलीच्या तळाशी आधी दाया अंथरलेल्या असायच्या. दाया म्हणजे दुसऱ्या पेशी, ज्यांची स्वतःची वाढ बंद केलेली असते. त्या फक्त दुसऱ्यांना पोसतात. "तुझ्यासारख्या, सासरी आलेल्या," काका म्हणायचे.

काका म्हणजे वाफेवाले काका. सगळी काचसामग्री धुऊन वाफेवर निर्जंतुक करणं हे त्यांचं काम. वीस वर्षं करत होते आणि एकदाही घाई केलेली नव्हती. सोमवारी दिलेली ताटली बुधवारी मिळाली तर आम्ही एकमेकींकडे बघायचो.

"काका, ही ताटली माझ्या हयातीत मिळेल ना?" बाई विचारायच्या.

"मिळेल की. तुमची हयात मोठी आहे, बाई."

पहिल्या आठवड्यात बाईंनी मला समोर बसवून कातडी समजावली. "कातडी ही वस्तू नाही, मुली. ती वाहती असते. वरची गळते, खालून नवी चढते. अगदी तळाशी थोड्या मूळपेशी असतात, डॉक्टर त्यांना स्टेम सेल म्हणतात. त्या स्वतः जागा सोडत नाहीत, लेकींना वर धाडतात. लेकी चार-सहा वेळा वाढतात, मग चपट्या होतात, मरतात, धूळ होऊन झडतात. महिना-सव्वा महिन्यात माणूस नवं कातडं पांघरतो आणि त्याला पत्ताही नसतो. खरचटलं, भाजलं, तरी धावून येतात त्या ह्याच. आता सांग, मी ताटलीभर नुसत्या लेकी वाढवल्या आणि माणसाला लावल्या, तर काय होईल?"

"कातडी लागेल," मी म्हणाले.

"लागेल. सुंदर लागेल. आणि महिन्याभरानं सगळी गळून जाईल, कारण खाली कुणीच नसेल. त्या मूळपेशी ताटलीत टिकवणं, एवढंच आपलं काम. बाकी तुकडा काय, कुणीही वाढवील." मग माझा चेहरा बघून त्यांनी सोपं केलं. "घरी दही लावतेस ना? मूळपेशी म्हणजे विरजण."

तो शब्द मला फार आवडला. बाई पहिल्याच वाढीतून दोन कुप्या बाजूला काढून नायट्रोजनच्या टाकीत गोठवायच्या, आणि त्या कुप्यांवर खरोखरच 'विरजण' असं लिहायच्या. त्यांचे नियमही स्वयंपाकघरातल्यासारखेच वाटायचे. ताटली पाऊण भरली की पेशी उचलायच्या आणि नव्या ताटल्यांमध्ये विरळ पसरायच्या. काठोकाठ भरू द्यायच्या नाहीत. दाटी झाली की मूळपेशी मूळपण सोडतात, त्याही लेकींसारख्या होतात आणि परत माघारी येत नाहीत. आणि प्रत्येक वाढीतून शंभरेक पेशी एका छोट्या ताटलीत वेगळ्या ठेवायच्या, बारा-चौदा दिवसांनी त्या गुलाबी रंगवायच्या आणि ठिपके बघायचे. मूळपेशीपासून वाढलेला ठिपका मोठा, गोल, गुळगुळीत काठाचा. लेकीपासून वाढलेला बारीक, सुईनं टोचल्यासारखा. बाई त्याला पाहणी म्हणायच्या.

मी नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती, तेव्हा माझी नणंद भाजली.

ती माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. घरात तिला सगळे घाई म्हणायचे. उलटसुलट चपला घालून निघायची, कढत चहा तसाच प्यायची, दुसऱ्याचं वाक्य स्वतःच पूर्ण करून उत्तरही देऊन मोकळी व्हायची. लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हा पहिल्या संध्याकाळी ती माझ्या खोलीत येऊन म्हणाली, "वहिनी, आपलं पटणार आहे. उगीच सहा महिने एकमेकींना जोखत बसायला नको." आणि पटलंच. ती मेणबत्त्यांच्या कारखान्यात कामाला होती. साच्यात वाती ओवण्याचं काम. तिच्याइतक्या झरझर कुणी ओवत नसे. उजव्या हाताची तीन बोटं नुसती नाचायची.

एके दिवशी तिथे वितळलेल्या मेणाचं पातेलं पेटलं. पेटल्या मेणावर झाकण घालायचं असतं. कुणीतरी घाबरून बादलीभर पाणी ओतलं, आणि जाळ छताला लागला. घाई अर्थातच सगळ्यांच्या पुढे होती.

अंगाचा निम्म्याहून अधिक भाग गेला होता. छाती, पाठ, दोन्ही हात. चेहरा वाचला, कारण तिनं तो हातांनी झाकला होता. सर्जननी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमच्याच खोलीवर आहे सगळं. तीन आठवडे मी तिला धरून ठेवतो. त्यापुढे उघड्या अंगावर जंतू मला ऐकणार नाहीत."

बाईंनी स्वतः तिचा तिकिटाएवढा तुकडा घेतला, पहिली वाढ केली, दोन कुप्या गोठवल्या. त्याच आठवड्यात त्यांची आई दूर गावी अंथरुणाला खिळल्याची तार आली. जाताना त्या दारात थांबल्या. "महिनाभर तरी लागेल मला. तुला सगळं येतंय. फक्त एक लक्षात ठेव. शंका आली तर विरजणाला हात घाल. दिवस जातील, जाऊ देत. शंकेतून पुढे जायचं नाही."

"हो, बाई."

"आणि काकांना ताटल्या वेळेवर माग."

"ते मात्र तुम्हीही कधी जमवलं नाहीत," काका मोरीतून म्हणाले.

दोन आठवडे मी सकाळी कातडीखोलीत आणि उरलेला वेळ घाईच्या खाटेशी असायची. मला सासूबाईंना तिथे एकटं सोडवत नव्हतं. डोळ्याला डोळा लागत नव्हता. त्या शनिवारी ताटल्या पाऊण भरल्या होत्या. दुपारी त्या उचलून पसरायच्या होत्या. मी जेवायला घरी आले, पाच मिनिटं पाठ टेकली, आणि जागी झाले तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. खोलीची किल्ली पहारेकऱ्याकडे असायची. जाता आलं असतं. रविवारीही जाता आलं असतं. मी स्वतःला म्हटलं, एका दिवसानं काय बिघडतंय.

सोमवारी सकाळी कपाट उघडलं. ताटल्या काठोकाठ भरल्या होत्या. पेशींना पेशी चिकटून एक गुळगुळीत, तुकतुकीत साय धरली होती. बघायला इतकी देखणी की क्षणभर मला आनंदच झाला.

नियमाप्रमाणे त्या टाकून द्यायच्या होत्या. टाकीतून विरजणाची कुपी काढायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. म्हणजे अठरा-वीस दिवस. सर्जनच्या तीन आठवड्यांतला तिसरा आठवडा उजाडला होता. मी खुर्चीवर बसून विचार केला, आणि मला बाईंचा तो शब्द आठवला. विरजण. आमच्या घरी दोन दिवस विसरलेलं, आंबट ढाण झालेलं दहीसुद्धा चमचाभर ताज्या दुधात घातलं की सकाळी कवडी पडायची. विरजण कधी मरतं का? ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, आईकडून लेकीकडे चालतच राहतं. मी पेशी उचलल्या, नव्या ताटल्यांत पसरल्या. पाहणीची छोटी ताटलीही लावली. नियम पाळण्यात मी कधी कसूर केली नव्हती.

पुढच्याच गुरुवारी, दहाव्या दिवशी, तुकडे तयार झाले. मी ते ताटल्यांतून सोडवले, मऊ जाळीवर घेतले, वरची बाजू कळावी म्हणून प्रत्येकाच्या कोपऱ्याला चिमटा लावला. शुक्रवारी सर्जननी ते घाईच्या अंगावर बसवले. बाहेर येऊन म्हणाले, "इतके सारखे तुकडे तुमच्या बाईंनीही कधी दिले नव्हते." मी मान खाली घातली. लाजून.

सोमवारी पाहणीची ताटली रंगवली. रंग धुऊन उजेडाकडे धरली.

मोठा ठिपका एकही नव्हता. सगळे बारीक. गुलाबी धूळ उडाल्यासारखे. मी ती फिरवून फिरवून पाहिली, मायक्रोस्कोपखाली घातली. काठ विस्कटलेले, पेशी थोराड, थकलेल्या, पसरून पडलेल्या. घाईच्या अंगावर बसवलेली सगळी कातडी म्हणजे नुसत्या लेकी होत्या. त्या चढत राहणार होत्या, वर, आणखी वर, आणि एका दिवशी शेवटची लेक गळून पडणार होती. खाली कुणी नव्हतं.

मी ताटली काचसामानाच्या कपाटात, जुन्या डब्यांमागे ठेवली. फक्त उद्यापर्यंत. उद्या सर्जनना सांगेन.

मंगळवारी सासूबाई इस्पितळाच्या जिन्यात कुणालातरी सांगत होत्या, "माझ्या सुनेनं माझ्या लेकीला कातडं दिलं हो. जन्म मी दिला, कातडं हिनं." मी तशीच मागच्या मागे वळले. बुधवारी सर्जन गडबडीत होते. निदान मी तशी समजूत करून घेतली. गुरुवारी मी स्वतःला म्हटलं, शंभर पेशींच्या पाहणीवरून काय ठरतं? त्या शंभर नेमक्या वाईट निघाल्या असतील. शुक्रवारी मी काहीच म्हटलं नाही. अळीमिळी गुपचिळी.

शनिवारी जाळ्या काढल्या. जवळजवळ सगळे तुकडे धरले होते. गुलाबी, पातळ, ओल्या कागदासारखी चमकणारी कातडी. परिचारिकांनी टाळ्या वाजवल्या. घाईनं हात वर करून बघितले.

"वहिनी, हे माझं? अगदीच नवं कोरं! म्हणजे माझं वय आता आठ दिवस धरायचं का?"

"बोलू नकोस, दमशील."

"पंधरा दिवसांत घरी सोडतील ना? मी कारखान्यात निरोप धाडलाय, माझी जागा कुणाला देऊ नका म्हणून." तिनं उजव्या हाताची बोटं हलवून दाखवली. हळूहळू, एकेक. ओवण्याची ती तीन बोटं. "बघ, नाचताहेत."

मी हसले. अशी हसले की माझं मलाच भय वाटलं.

पुढच्या सोमवारी सकाळी काका ते काचसामानाचं कपाट आवरत होते. उद्या बाई परत येणार होत्या. डब्यांमागून त्यांनी ती ताटली काढली, खिडकीशी नेली, आणि बराच वेळ उभे राहिले. वीस वर्षं ठिपके धुतलेला माणूस. त्यांना वाचता येत नव्हतं असं थोडंच होतं?

"हे उपाशी गेलेलं दिसतंय," ते म्हणाले. "कुणाचं?"

झाकणावर नाव लिहिलेलं होतंच.

काकांनी ताटली मोरीच्या कठड्यावर ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "धुवायचं का?"

धुतलं की संपलं. नव्या कातडीला फोड येतात, कधी ती टिकत नाही, हे सर्जनना ठाऊक होतं. कुणी खोलीला दोष दिला नसता. तुकडे देखणे होते, सगळ्यांनी पाहिले होते.

"धुवा," मी म्हणाले.

"बरं," काका म्हणाले.

दुपारी मी घाईकडे गेले. ती कुशीवर वळलेली होती. "वहिनी, बरी आलीस. पाठीला इतकी खाज सुटलीय. नख नको लावू, नुसतं बोट फिरव." मी बोटाला तेल लावून अगदी हलक्या हातानं फिरवलं. तिनं सुखानं डोळे मिटले. उजव्या दंडाशी माझं बोट थांबलं. कातडीखाली पाणी हललं. मसुरीच्या दाण्याएवढा फोड. बोटाच्या दाबानं तो सरकला, आणि त्यावरची कातडी त्याच्याबरोबर सरकली. खाली कशालाच धरलेली नसल्यासारखी.

"थांबलीस का? छान वाटतंय. फिरव ना."

मी फिरवलं. आणखी दोन सापडले.

तिथून मी पळत खाली आले. जिन्यात एकीला धक्का लागला, तिच्या हातातलं तबक सांडलं, मी मागे पाहिलं नाही. "काका! ताटली!"

काका स्टुलावर बसून चहा पीत होते. त्यांनी बशीनं मोरीकडे खूण केली. ताटली कठड्यावर होती. कोरडी. गुलाबी.

"सोमवारी दिलेली ताटली मी सोमवारी कधी धुतलीय का गं?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी अजून पिशवीही खाली ठेवली नव्हती, तेव्हा मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी उजेडाकडे धरली. चष्मा वर सरकवला. मला वाटलं होतं ओरडतील.

"विरजण शिल्लक आहे?"

"दोन्ही कुप्या आहेत."

"तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"मागच्या सोमवारपासून."

"आठ दिवस." त्या खाली बसल्या. "चांगली पेशी दिवसाला एकदा दुप्पट होते. आठ दिवसांत एकीच्या किती होतात?"

मी बोटांवर मोजू लागले.

"हिशेब कर. मोठ्यानं."

"दोन. चार. आठ. सोळा. बत्तीस. चौसष्ट. एकशे अठ्ठावीस. दोनशे छप्पन्न."

"दोनशे छप्पन्न," बाई म्हणाल्या. "तू ताटल्या भरू दिल्यास ती चूक. माझ्याही हातून झालीय. पण हे आठ दिवस तू तिच्या अंगावरून काढून घेतलेस." मग विचारलं, "टाकून का नाही दिल्यास? सांगून गेले होते मी."

मी दही आणि विरजणाचं सांगितलं. सांगताना मला ते किती पोरकट होतं ते कळत होतं. बाई टाकीकडे गेल्या, कुप्या काढल्या, आणि ऊबदार पाण्यात धरण्याआधी त्यांवरचा 'विरजण' हा शब्द अंगठ्यानं घासून पुसला.

"शब्द मी चुकीचा शिकवला," त्या म्हणाल्या. "दह्याला मरण नसतं. ह्यांना असतं."

त्यानंतर तो शब्द कातडीखोलीत कुणी उच्चारला नाही. लेबलावर आम्ही 'मूळ' लिहू लागलो. सर्जनसमोर बाई एकट्या गेल्या. दाराबाहेर मी त्यांचं बोलणं ऐकलं. "खोलीची चूक झाली. खोलीत एकच नाव असतं, ते माझं."

मग सुरू झालं ते धावणं होतं, पण पेशी धावत नाहीत. आम्ही आळीपाळीनं कपाटाशी बसायचो. काका ताटल्या त्याच दिवशी धुऊ लागले, आणि ते बघून मला सगळ्यात जास्त भीती वाटली. वर घाईच्या अंगावरची कातडी आधी निस्तेज झाली, मग कोरडी, मग तिच्या कडा उचलल्या. चौथ्या आठवड्यात चादर बदलताना ती चादरीबरोबर येऊ लागली.

"वहिनी, मी साप झाले बघ," घाई म्हणाली. त्यानंतर काही दिवस ती काहीच बोलली नाही.

नवे तुकडे आले, पण पुरेसे नव्हते. सर्जननी ठरवलं: आधी पाठ आणि छाती, मग डावा हात, जीव वाचवायला तेवढं पाहिजे. उजव्या हाताची पाळी शेवटी. ती बरोबर आठ दिवसांनी आली. त्या आठ दिवसांत उघड्या पंजात जंतू शिरले, खोल गेले, बोटांच्या शिरा खाऊन गेले. हात वाचला. बोटं आत वळून मिटली ती मिटलीच.

सगळी जुनी कातडी गेली, एवढी एक जागा सोडून. उजव्या खांद्यामागे, तळहाताएवढी. पहिल्या तुकड्यांपैकी एक. सर्जन तोही काढणार होते, बाईंनी अडवलं. "राहू द्या. ह्यात कुठेतरी एखादी मूळपेशी उरली असेल. एक पुरते."

घाई जगली. पुढे डाव्या हातानं लिहायला शिकली, एका शाळेच्या कचेरीत नोकरी केली, घाईघाईनं निवृत्तही झाली. लग्न केलं नाही. "अंगठी कुठल्या हातात घालायची हे ठरेना," म्हणायची. मिटलेली मूठ पोरांपुढे धरून विचारायची, "ओळखा, आत काय आहे?" सासूबाई जाईपर्यंत आल्यागेल्याला सांगत राहिल्या की जन्म त्यांनी दिला आणि कातडं सुनेनं. मी मूग गिळून ऐकत राहिले. नवऱ्यालाही सांगितलं नाही. तो गेला, काका गेले, बाई गेल्या.

घाई आता माझ्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहते. वाढवून लावलेल्या कातडीला घाम येत नाही, तेल सुटत नाही, ती कायम कोरडी पडते. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तिच्या पाठीला तेल लावायला जाते. बेचाळीस वर्षांत फार थोडे रविवार चुकले असतील. लोक म्हणतात, नणंद-भावजय असाव्यात तर अशा. मी तेल लावायला जाते हे खरं आहे. पण मी ती खांद्यामागची तळहाताएवढी जागा तपासायला जाते. ती अजून चढते आहे का, अजून गळते आहे का, खाली अजून कुणी आहे का. एका पेशीच्या जिवावर दर महिन्याला नवं होणारं ते कातडं. दर वेळी बोट तिथे नेताना मी श्वास धरते.

मागच्या रविवारी माझं बोट तिथे थांबलं. कातडी पातळ झाली होती, खालचा निळसरपणा दिसत होता. काठाशी मसुरीएवढी ओल होती. ती जागा भरून आलेली नव्हती. कधीपासून उघडी होती कोण जाणे.

"काय झालं?" घाई म्हणाली. पाठमोरी होती.

"काही नाही."

"बोट थांबलं तुझं."

"तेल संपलं होतं."

"वहिनी, पाठ एवढी मोठी आहे. पण बेचाळीस वर्षं तुझं बोट त्याच एका जागी थांबतं. आज जास्त वेळ थांबलं." तिनं पदर सारखा केला नाही, वळलीही नाही. "तुझ्या बाई जायच्या आदल्या वर्षी मी त्यांना भेटून आले होते. विचारलं, माझी मूठ का मिटली? त्या म्हणाल्या, ते खोलीला विचार. मी म्हटलं, खोली तर मोडली. तर म्हणाल्या, सगळी नाही मोडली."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचं दार लावलं. माझ्या बोटावरचं तेल मनगटापर्यंत ओघळलं.

"मग इतकी वर्षं विचारलं का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. जन्मात ह्या एकाच गोष्टीसाठी थांबले असेन."

"आधी हे डॉक्टरांना दाखवायला हवं," मी म्हणाले. "इथे जखम आहे. जुन्या जागेची जखम चांगली नसते, घाई. उद्याच जाऊ."

"जाऊ की. उद्या जाऊ." तिनं मिटलेली मूठ मांडीवर ठेवली आणि दुसरा हात तिच्यावर ठेवला. "आज तू सांग. सावकाश सांग. मला घाई नाही."

मी तेलाच्या वाटीवर झाकण ठेवलं, तिच्यासमोर येऊन बसले, आणि त्या शनिवारपासून सुरुवात केली.